आतून लागणारी कडी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी भाजणी दळायला निघाले होते. ते म्हणाले, "ताई, दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल काहीतरी हृद्य लिहून द्या." हृद्य म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, पण हातातली चकली मऊ पडता कामा नये. मी हो म्हणाले, कारण मला नाही म्हणता येत नाही. याच गुणामुळे मी या कामात पडले. पण हृद्य वगैरे जमेल असं वाटत नाही. हे काम करताना मला मुख्यतः राग येत असे, आणि राग आला की माझं पित्त वाढतं.

काम कुठलं ते सांगते. मी दवाखान्यातली नर्स. श्रीरामपूरला अख्खी नोकरी केली, वॉर्डाची इन्चार्ज झाले, पेशंटच्या नातेवाइकांवर ओरडण्यात थोडंफार नाव कमावलं. मुलगी लग्न होऊन गेली आणि ओरडायला घरात फक्त नवरा उरला. तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केलेला माणूस, ट्रकच्या हॉर्नपुढे माझ्या आवाजाचं त्याला काय. अशात एका मदतसंस्थेनं विचारलं. ईशान्येकडच्या एका डोंगरी राज्यात बंदुका निघाल्या होत्या, गावंच्या गावं जळत होती, माणसं शाळांत आणि बाजाराच्या शेडखाली राहत होती. अनुभवी सिस्टर हवी होती. घरातून विरोध होईल असं वाटलं होतं. आमच्या ह्यांनी बॅग भरून दिली, तीही इतक्या तत्परतेनं की मला शंका आली.

मी तिकडे दोनदा जाऊन आले. परतल्यावर शेजारणी विचारायच्या, "गोळी लागलेली माणसं पाहिलीत का हो?" अशांची निराशा करताना मला बरं वाटतं. गोळी लागलेला माणूस आमच्याकडे क्वचित येतो. त्याला थेट मोठ्या दवाखान्यात नेतात, किंवा न्यायची गरज उरत नाही. आमच्याकडे येतात ती पळालेली माणसं. पळताना माणूस काय घेतो ते बघण्यासारखं असतं. एका आजोबांनी टीव्हीचा रिमोट आणला होता. एका बाईनं कुकरची शिट्टी आणली होती, कुकर नाही. पण ब्लडप्रेशरच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या, क्षयाचा अर्धा झालेला कोर्स, चष्मा, कवळी, यातलं कुणी काही आणत नाही. त्यामुळे तातडीची आरोग्यसेवा म्हणजे बहुतेक वेळा पाणी उकळून प्या म्हणून घसा फोडणं, संडास कुठे खणायचा यावरून भांडणं, पोरांना गोवरची लस टोचणं आणि "तुम्ही कोणती गोळी घेत होता?" या प्रश्नाचं "पांढरी" हे उत्तर ऐकून डोकं शांत ठेवणं. याचे फोटो चांगले येत नाहीत. म्हणून लोकांना वाटतं आम्ही काही केलंच नाही.

तिसऱ्यांदा मला जावं लागलं नाही. तिकडची काही कुटुंबं आमच्याच जिल्ह्यात आली.

सोनईच्या पुढे, शिंगणापूरच्या शिवेजवळ आण्णांचं भक्तनिवास आहे. आण्णा म्हणजे पुढारी नव्हेत आणि साधे शेतकरीही नव्हेत. दोन्हीच्या मधे जो फेटा बसतो तो आण्णांच्या डोक्यावर असतो. त्यांनी कुणाच्या तरी शब्दाखातर भक्तनिवासातल्या खोल्या या लोकांना दिल्या. दोन वेळचं जेवणही दिलं. हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी आण्णांबद्दल बरं बोलणार नाही आणि उगाच कुणाला वाटायला नको की त्यांनी काही दिलंच नाही. खोल्या स्वच्छ होत्या. पंखे होते. चौकटी होत्या, पडदे होते. दारं नव्हती. त्या भागात ती नसतातच. शनिदेव राखणदार आहे, त्याच्या हद्दीत घराला दार लावायचं नाही. माझं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर. बिनदाराच्या घरात मी लहानाची मोठी झाले आणि लग्न होऊन श्रीरामपूरला आले तेव्हा पहिले काही दिवस नवऱ्यानं आतून कडी लावली की मला गुदमरायचं.

ही माणसं आली आणि त्यांच्या मागोमाग आपली माणसं आली. मदत घेऊन. घरोघरच्या औषधांच्या डब्यांची दिवाळीआधीची साफसफाई आमच्या दारात, म्हणजे चौकटीत, येऊन पडली. अर्धे वापरलेले डोळ्यांचे थेंब. मुदत संपत आलेलं खोकल्याचं औषध, खोकीच्या खोकी. सांधेदुखीचं तेल. पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्यांचं एक अख्खं पुडकं, देणाऱ्यानं नाव न सांगता ठेवलेलं. कुणीतरी लग्नातली शेरवानी दिली. तान्ह्या बाळांसाठी एकही टोपडं आलं नाही. एका मंडळानं फक्त नूडल्सची पाकिटं दिली. मी विचारलं, "डाळ-तांदूळ का नाही आणले?" तर अध्यक्ष मला हळूच म्हणाले, "हे लोक हेच खात असतील ना." त्यांच्या चेहऱ्यावर जे कुतूहल होतं ते मी प्राणिसंग्रहालयात पाहिलेलं आहे, पिंजऱ्याच्या बाहेरच्या बाजूला.

एक पत्रकारही आला. त्यानं एका म्हाताऱ्या बाईपुढे माईक धरला आणि मला म्हणाला, "विचारा ना, घर जळताना त्यांना नेमकं काय वाटलं?" मी न विचारताच सांगितलं, "घर जळतंय असं वाटलं." त्यानं ते लिहूनही घेतलं.

मग हास्ययोगवाल्या मॅडम आल्या. या लोकांच्या मनावर ताण आहे हे त्यांना वर्तमानपत्रातून कळलं होतं. त्यांनी सगळ्यांना अंगणात गोल उभं केलं, हात वर करायला लावले आणि हसायला सांगितलं. ती बिचारी माणसं पाहुणी. हात वर करा म्हटल्यावर त्यांचे चेहरे कसे झाले ते मॅडमना दिसलं नाही, कारण त्यांनी स्वतः डोळे मिटले होते. मला दिसलं. मी टाळ्या वाजवून कार्यक्रम संपवला आणि मॅडमना चहा दिला. त्यांना वाटलं मी दाद दिली.

आणि रोज आण्णांचा दौरा. कोणी ना कोणी पाहुणा बरोबर. ते पडदा बाजूला करत, आत बसलेल्या माणसांना हात जोडत आणि पाहुण्याला सांगत, "बघा, आख्ख्या गावाला दार न्हाई. आपल्या हितं माणसाला माणसाची भीती न्हाई. सिस्टर, सांगा त्यांना. बिनघोर झोपा म्हनावं."

मी सांगत असे. हिंदीतून, वर माझ्या माहेरच्या दोन गोष्टी जोडून. त्यांच्यातली मेरी नावाची शिक्षिका ते त्यांच्या भाषेत सांगायची. सगळे मान हलवायचे. त्यांच्याकडे मान हलवणं म्हणजे ऐकलं एवढंच असतं, पटलं असं नाही. पण ते मला तेव्हा कळायला मी काय मानववंशशास्त्रज्ञ होते?

मला एवढंच दिसत होतं की झाडून सगळ्यांची प्रेशरं वर आहेत. तरुण पोरांचीसुद्धा. डोळे लाल, डोकं जड, बायकांचं अंगावरचं दूध आटलेलं. माझं निदान तयार होतं. मीठ. आपल्याकडचं लोणचं, पापड, ठेचा. मी लोणच्याची बरणी जप्त केली आणि स्वयंपाक करणाऱ्या यमुनाबाईंना भाजीत मीठ कमी घालायची ताकीद दिली. त्यामुळे जेवण बेचव झालं, प्रेशर होतं तिथेच राहिलं, आणि यमुनाबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. बोलल्या त्या थेट तक्रार करायलाच.

"बाई, हे लोक रातचं माझी पातेली चौकटीला लावून ठिवत्यात."

"कशाला?"

"मला काय म्हाईत. खाटा आडव्या टाकत्यात, वर पातेली रचत्यात. सकाळी च्याला पातेलं घ्यावं तर सगळा ढीग उपसावा लागतोय. काल परात चेपली माझी."

मी म्हटलं, मांजरांसाठी असेल. यमुनाबाई म्हणाल्या, "मांजराला येवढा बंदोबस्त?" आणि निघून गेल्या. बाई बरोबर बोलली होती, पण मी त्या वेळी परातीचा विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एस्तरचं प्रेशर घेतलं. एस्तर म्हणजे दोन लहान मुलींची आई, तिसऱ्या वेळची गरोदर, आठवा संपत आलेला. नवरा कामासाठी दुसऱ्या राज्यात, फोनवर भेटायचा. अबोल बाई. पायावर सूज होती, ती मी बघत होते. त्या दिवशी सूज चेहऱ्यावर आली होती आणि पट्टा सुटला तेव्हा वरचं एकशे सत्तर, खालचं एकशे दहा. मी दुसऱ्या हाताला बांधून पाहिलं. तेच.

हे नवख्यांसाठी सांगते. गरोदरपणात प्रेशर असं चढलं की आधी सूज येते, मग डोकं दुखतं, मग डोळ्यांपुढे काजवे चमकतात, आणि त्यानंतर येतो तो झटका. आकडी. ती आली की आई आणि बाळ, दोघांचाही भरवसा नसतो. यावर भक्तनिवासात उपाय नाही. प्रेशरची गोळी द्यायची, झटक्याचं इंजेक्शन टोचायचं आणि बाईला उचलून मोठ्या दवाखान्यात न्यायचं. संस्थेच्या डॉक्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं, "आत्ता निघा." आमची जीप दारात होती. ड्रायव्हर रफिकभाई आत बसून चावी फिरवायच्या तयारीत.

एस्तर म्हणाली, नाही.

मेरीनं विचारलं, मी विचारलं, हात जोडले, ओरडले. ओरडण्यात माझं नाव आहे असं वर लिहिलंच आहे. ती खोलीच्या चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिली. आत तिच्या मुली चटईवर बसून पेरू खात होत्या.

"मुलींना या खोलीत ठेवून ती जाणार नाही म्हणते," मेरी म्हणाली.

"अगं, तू आहेस, यमुनाबाई आहेत, एवढी माणसं आहेत."

"दार नाही," मेरी म्हणाली.

मी लगेच माझं माहेर सुरू केलं. इथे चोरी नाही, मारी नाही. मेरीनं ते भाषांतर केलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, वर्गातल्या ढ मुलाकडे शिक्षिका बघते तशी. मग म्हणाली, "सिस्टर, हमारे गाँव में दरवाज़ा टूटने में टाइम लगा. उसी टाइम में हम लोग पीछे से जंगल में गए. जिनका दरवाज़ा जल्दी टूटा..."

दार म्हणजे आमच्यासाठी भीतीची खूण. दार नाही म्हणजे भीती नाही, हे आमच्या अंगात इतकं भिनलेलं की दाराचा दुसरा काही उपयोग असू शकतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दार म्हणजे मिळालेला वेळ. ही माणसं आल्यापासून रात्रभर पाळीपाळीनं जागत होती. पडद्याकडे तोंड करून. आणि मी लोणच्याची बरणी लपवत होते.

मी एस्तरला गोळी दिली आणि तिथेच, चौकटीत, पदराचा आडोसा करून कमरेत दोन्ही बाजूंना इंजेक्शनं टोचली. हे इंजेक्शन फार दुखतं. चांगले गडी कळवळतात. तिनं चौकट सोडली नाही. मग मी आण्णांना गाठलं.

आण्णा बाहेर पाहुण्यांबरोबर खुर्च्यांवर बसले होते. मी म्हटलं, "आण्णा, एका खोलीला दार बसवा. आत्ता. आतून कडी लागेल असं."

"सिस्टर, तुमी काय बोलताय? तुमी हितल्याच ना?"

"हितलीच आहे. म्हणूनच सांगते."

"आवो, आजवर कुनी लावलं न्हाई. उद्या काय इपरीत झालं म्हंजी गाव मला ठिवंल का? देव हाय ना राखायला."

"देव आहे. पण या बाईला अजून त्याची ओळख नाही, आणि ओळख होईपर्यंत तिला झटका येईल."

"समजूत घाला की तिची."

"आण्णा, तुमच्या नगरच्या बंगल्याला दारं किती?"

एक पाहुणा खोकला. आण्णांच्या नगरच्या बंगल्याला पुढे लोखंडी जाळीचं दार आहे, त्याच्या आत सागवानी दार, वर कॅमेरा, आणि फाटकावर कुत्र्याच्या चित्राची पाटी. कुत्रा नाही, पण पाटी आहे. मी एकदा त्यांच्या सुनेचे टाके काढायला गेले होते.

"तिकडचं येगळं," आण्णा फेट्याला हात लावत म्हणाले. "शहर हाय ते."

"हो ना. ही पण दुसरीकडचीच आहे."

यमुनाबाई मधे पडल्या. मिठावरून त्या माझ्यावर रागावलेल्या होत्या, पण गरोदर बाई म्हटली की बायका राग नंतर काढतात. "आण्णा, कुत्रं आत येऊ नये म्हून फळी लावतोच की आपन. ती चालती देवाला. म्या आनते." त्या खरंच एक जाड फळी घेऊन आल्या आणि चौकटीला टेकवून ठेवली. आण्णांचा चेहरा उजळला. धर्मही राहिला आणि सोयही झाली. पाहुण्यानं फोटो काढला.

एस्तरनं एक बोट लावलं. फळी धाडकन अंगणात पडली. मुलींनी पेरू खाणं थांबवलं. मग एस्तरनं कपाळ दाबलं आणि मेरीला काहीतरी सांगितलं. मेरीचा आवाज बदलला. "म्हणते, डोळ्यांसमोर चमचम होतंय."

मी म्हटलं, "मेरी, हिला सांग, मुली माझ्या घरी जातील. श्रीरामपूरला. माझ्या घराला दार आहे."

एस्तरनं ऐकलं. विचार केला. आणि मेरी म्हणाली, "तिला दार बघायचं आहे."

मी नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. तो बनियनवर, शेंगा सोलत बसलेला.

"अहो, उठा. पुढचं दार दाखवा."

"दार?"

"दार. फोन दाराकडे करा."

"कोण येणारेय?"

"कोणी नाही. नुसतं दाखवा. आता लावा. कडी लावा."

बिचाऱ्यानं लावली. त्याला वाटलं असेल, बायको शिबिरात राहून बिघडली. पण काट्यावर आयुष्य गेलेला माणूस, सांगितलेलं चोख करतो. कडी लावली, वरची खिट्टी लावली, मग खांदा लावून दार ढकलून दाखवलं, हलत नाही म्हणून. मागे घेऊन पुन्हा ढकललं. त्याच्या टकलावरचा दिवा आणि दाराचा सुटलेला रंग, दोन्ही फोनमध्ये स्वच्छ दिसत होते. तो रंग द्यायला मी चार दिवाळ्या सांगत होते आणि आता सगळ्या भक्तनिवासानं तो पाहिला.

एस्तरनं बोटानं खूण केली. पुन्हा.

"अहो, पुन्हा."

त्यानं पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "मागचं पण दाखवू का?" त्यानं विचारलं. हा प्रश्न त्याला कसा सुचला मला माहीत नाही. मी हो म्हटलं. त्यानं स्वयंपाकघरातून नेऊन मागचं दार दाखवलं, ते उघडून दाखवलं, बाहेरचा बोळ दाखवला, बोळातून रस्ता कसा निघतो ते दाखवलं. एस्तरनं पूर्ण बघितलं. मग चौकटीवरचे हात काढले.

मुलींना श्रीरामपूरला कोण नेणार? जीप तर नगरच्या वाटेला निघालेली. आण्णांनी आपल्या गाडीची चावी मेरीच्या हातात दिली, मग त्यांना आठवलं की तिला चालवता येत नाही, म्हणून त्यांनी स्वतःच स्टिअरिंग धरलं आणि मेरी मुलींना घेऊन मागे बसली. पाहुणे खुर्च्यांवर तसेच राहिले. हे मी आण्णांच्या खात्यावर जमा करते. पुढे काय झालं तेही इथेच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. त्याच आठवड्यात सगळ्यांना श्रीरामपूरच्या एका वसतिगृहात हलवलं. तिथली दारं करकरतात, खिडक्यांच्या काचा फुटलेल्या, पण प्रत्येक खोलीला आतून कडी. लोणचं मी परत केलं. ते खाऊनही प्रेशरं उतरली. काहींच्या गोळ्या मला कमी कराव्या लागल्या. आण्णांचा मात्र सत्कार झाला. बिनदाराच्या गावानं बेघरांना कसा निवारा दिला यावर भाषणं झाली. मलाही शाल मिळाली. मी ती घेतली. थंडीचे दिवस होते.

पण त्या दिवशी आम्ही दवाखान्यात पोचलो. कुठला ते सांगत नाही, मोठा होता. एस्तरला वाटेतच कळा सुरू झाल्या होत्या. झटका आला नव्हता. दातखीळ बसतेय का म्हणून मी पूर्ण वाटभर तिच्या दातांकडे बघत होते, रफिकभाई आरशातून माझ्याकडे बघत होते, आणि खड्डा आला की आम्ही दोघं एकाच खात्याच्या एकाच मंत्र्याला एकच शिवी देत होतो. दवाखान्याच्या फाटकात ह्यांचा फोन आला. "पोरी पोचल्या. वरणभात खातायत. दार लावलंय." मी स्पीकरवर लावला. "दार लावलंय" हे मराठीतच होतं, पण एस्तरला कळलं.

तिला सरळ बाळंतपणाच्या खोलीत घेतलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, हुशार, तीन दिवस झोप न मिळालेल्या माणसासारखी चिडलेली. तिनं पाच मिनिटांत सलाईन, इंजेक्शन, बाळाचे ठोके, सगळं मार्गी लावलं. म्हणाली, फार वेळ नाही, झोपवा हिला. एस्तर झोपेना. टेबलावर कोपरांवर उठून ती दाराकडे बघत होती. मी वळून पाहिलं.

आपल्याकडे बाळंतपणाच्या खोलीला आतून कडी नसते. दोन झापा असतात, ढकललं की उघडतात, सोडलं की हलत राहतात. ते बरोबरच आहे, कुणालाही केव्हाही धावत आत यावं लागतं. नियम म्हणून मीच कित्येक नव्या मुलींना हे पढवलेलं. आता त्या झापा हलत होत्या, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि मधल्या फटीतून बाहेरच्या माणसांचे पाय दिसत होते. एस्तरचं प्रेशर मॉनिटरवर वर वर चढत होतं.

"सिस्टर, पेशंटला सांगा की झोपायला," डॉक्टर म्हणाली.

"तिला कडी हवी आहे."

"लेबर रूमला कडी?"

"नसते. मला माहीत आहे."

मी कोपऱ्यातलं स्टीलचं स्टूल ओढलं, दोन्ही झापांच्या मधोमध ठेवलं आणि दाराला पाठ लावून बसले. माझं वजन मी कुणाला सांगत नाही. आमचे हे सांगतात, न विचारता. आजवर त्या वजनानं गुडघे दुखवले आणि रिक्षावाल्यांना दुखवलं. दार हलायचं थांबलं.

"हा काय प्रकार आहे?" डॉक्टर म्हणाली. मग तिनं एस्तरकडे पाहिलं. एस्तरनं डोकं मागे टेकवलं होतं. डॉक्टर मॉनिटरकडे बघत राहिली. मग कामाला लागली.

मधे बाहेरून कुणीतरी ढकललं. एस्तरचे डोळे लगेच उघडले. तिच्या मोडक्या हिंदीत तिनं विचारलं, "बाहर कौन?"

"चादरींची गाडी आहे," मी हिंदीत म्हटलं. "चादर. मावशी आहे एक."

"कोन बसलंय दाराला?" बाहेरून आवाज आला.

"मी."

"मी कोन? सरका की. चादरी टाकायच्यात."

"थांबा जरा."

गाडीचा लोखंडी कोपरा माझ्या पाठीत दोनदा लागला. ती मावशी गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हती. दवाखान्याची शिस्त, आजकालच्या सिस्टरा, आमच्या वेळी असं नव्हतं, हे सगळं मी दारातून ऐकलं. शब्द न् शब्द माझाच होता, मी हेच म्हणत आले आहे. एस्तर जोर लावत होती. डॉक्टर तिच्या भाषेचा एकही शब्द न येता तिच्याशी बोलत होती, ती ऐकत होती. मी पाय फरशीत रोवले.

मुलगी झाली. लहानखुरी होती, वजनाला कमी, पण रडली ती अशी की बाहेरची मावशीसुद्धा थांबली. डॉक्टरनं बाळ पुसून एस्तरच्या छातीवर ठेवलं. प्रेशर अजून चढंच होतं, पुढचे दोन-तीन दिवस लक्ष ठेवावं लागणार होतं, पण डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीत बसली. माझी कंबर धरली होती. मी उठायला स्टुलावर हात टेकले.

एस्तरनं बाळावरून माझ्याकडे पाहिलं आणि मान आडवी हलवली. नको.

मी परत बसले.

"झालं ना बाळ?" बाहेरून मावशी म्हणाली. "मंग आता आनी किती येळ?"

"ती म्हणेल तेवढा," मी म्हटलं.